मांडव उठल्यावर

गाण्याची स्पर्धा आणि मानवी हक्क या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. गाणे ऐकावे, आवडले तर दाद द्यावी, नाही आवडले तर गप्प बसावे. त्यात पोलीस, न्यायालय, तुरुंग हे शब्द कुठून आले? पण ते येतात. जगातला एखादा मोठा सोहळा जेव्हा एखाद्या देशात भरतो, तेव्हा त्यासाठी कुणाची तरी जागा लागते, कुणाचा तरी पैसा लागतो आणि पुष्कळदा कुणाचे तरी तोंड बंद ठेवावे लागते. आज मी अशाच एका सोहळ्याविषयी बोलणार आहे. स्थळ आहे कॅस्पियन समुद्राकाठचे बाकू शहर, म्हणजे अझरबैजान या देशाची राजधानी. साल २०१२. सोहळा युरोव्हिजन गीतस्पर्धेचा.

ऑलिंपिक आणि फुटबॉलचा विश्वचषक यांच्याविषयी आपण बरेच वाचतो. मी मुद्दाम बाकू निवडले, कारण या गोष्टीचे तिन्ही अंक आता आपल्यासमोर आहेत. सोहळ्याआधी काय झाले, सोहळा चालू असताना काय झाले आणि मांडव उठल्यावर काय झाले, हे सगळे नोंदले गेले आहे. आपण बहुतेक वेळा मधलाच अंक पाहतो. तो दूरचित्रवाणीवर दिसतो. खरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या अंकात असते.

स्पर्धा आणि तिचा यजमान

आधी स्पर्धेविषयी दोन शब्द. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन आहेत, तशा युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी १९५० साली एक संघ स्थापन केला. त्याचे नाव युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. या संघाने १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो या गावी ही स्पर्धा सुरू केली. महायुद्धात एकमेकांची शहरे बेचिराख केलेल्या देशांनी एका रात्री एकत्र बसून एकमेकांची गाणी ऐकावीत, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. प्रत्येक देश एक गाणे पाठवतो. प्रेक्षक आणि परीक्षक मते देतात, मात्र आपल्या स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. स्वीडनचा ‘आबा’ हा जगप्रसिद्ध गायकसमूह १९७४ साली याच स्पर्धेतून पुढे आला. आणि रिवाज असा, की यंदा जो देश जिंकेल त्याने पुढच्या वर्षी यजमान व्हायचे.

अझरबैजान २००८ पासून स्पर्धेत उतरू लागला आणि १४ मे २०११ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात जिंकला. साहजिकच २०१२ ची स्पर्धा बाकूला आली. ४२ देश सहभागी झाले.

आता या देशाविषयी. माझ्या नावामुळे असेल, पण हा विषय निघाला की मित्र पटकन म्हणतात, “मुस्लिम देश ना तो? मग तसेच असणार.” हे ‘तसेच’ काय, ते जरा तपासून पाहिले पाहिजे. अझरबैजानची बहुसंख्य प्रजा शिया मुस्लिम आहे, हे खरे. पण राज्य निधर्मी आहे. आपल्या लैला-मजनूला काव्यात अमर करणारा बाराव्या शतकातला महाकवी निजामी हा गंजा या शहरचा, आणि ते शहर आज याच देशात आहे. लैला-मजनूच्या कथेवर उझैर हाजिबेयोव या संगीतकाराने ऑपेरा रचला आणि १९०८ साली तो बाकूत रंगमंचावर आला. मुस्लिम जगातला तो पहिला ऑपेरा मानतात. १९१८ साली इथे अल्पकाळ टिकलेले प्रजासत्ताक स्थापन झाले आणि त्याने स्त्रियांना मताचा हक्क दिला. त्या वेळी पुढारलेल्या फ्रान्समध्येही स्त्रियांना तो नव्हता. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, त्याचा दोष धर्मावर टाकून मोकळे होता येणार नाही. उलट २०१२ मध्ये इराणमधले धर्मगुरू या स्पर्धेला अनैतिक म्हणून विरोध करत होते आणि बाकूचे सरकार त्यांना जुमानत नव्हते.

दोष शोधायचा तर तो सत्ता आणि तेल यांच्या संगनमतात शोधावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातले जवळजवळ निम्मे तेल एकट्या बाकूच्या परिसरातून निघत असे. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९३ साली हैदर अलियेव सत्तेवर आले. २००३ मध्ये त्यांचे चिरंजीव इल्हाम अलियेव राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्षाने किती वेळा निवडून यावे यावरची मर्यादा २००९ च्या सार्वमताने काढून टाकली. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी उपराष्ट्राध्यक्षपदावर नेमणूक केली ती आपल्या पत्नीची, मेहरिबान यांची. युरोव्हिजनच्या संयोजन समितीच्या अध्यक्षा याच होत्या. अंतिम फेरीच्या मध्यंतरात गायला उभा राहिलेला गायक राष्ट्राध्यक्षांचा तेव्हाचा जावई होता. म्हणजे मांडव देशाचा, पण मानपान सारा एका घरचा.

पहिला अंक : घरे

स्पर्धेसाठी समुद्रकिनारी ‘बाकू क्रिस्टल हॉल’ नावाचे भव्य सभागृह उभे राहिले. २०११ च्या शरद ऋतूत काम सुरू झाले आणि जेमतेम आठ महिन्यांत पुरे झाले. शेजारीच १६२ मीटर उंच खांबावर राष्ट्रध्वज फडकत होता. २०१० साली तो उभारला तेव्हा जगातला सर्वांत उंच ध्वजस्तंभ होता. पडद्यावर हे दृश्य फार देखणे दिसले.

या देखण्या चौकटीच्या आत येणारी जुनी वस्ती मात्र नकोशी झाली होती. बाकूत रस्ते, उद्याने, चौक यांच्यासाठी घरे पाडण्याचा सपाटा त्याआधी काही वर्षांपासूनच सुरू होता. तो सभागृहाच्या जवळच्या बायिल भागातही पोहोचला. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने फेब्रुवारी २०१२ मध्ये यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या हकिकती वाचताना अंगावर काटा येतो. लोक राहत असतानाच इमारतींची छपरे उतरवायला सुरुवात झाली. पाणी, वीज, गॅस तोडला गेला. सामानसुमान आवरायलाही वेळ न देता माणसांना बाहेर काढले. भरपाईचा दर ठरला चौरस मीटरला १५०० मनात. मनात हे तिथले चलन. घर जुने की नवे, साधे की चांगले, याचा काही हिशेब नाही, सगळ्यांना एकच माप. समुद्रकाठच्या त्या जागेचा बाजारभाव त्याहून पुष्कळ जास्त होता.

सरकारचे म्हणणे होते, की हे शहरविकासाचे काम आहे, स्पर्धेशी त्याचा संबंध नाही. प्रसारण संघानेही सांगितले, की सभागृह मोकळ्या जागेवर बांधले आहे. अक्षरशः पाहिले तर ते चूक म्हणता येणार नाही. पण लग्नघराच्या दारातला रस्ता रुंद करायला शेजाऱ्याचे घर पाडले आणि वर म्हटले की मांडव तर आमच्याच अंगणात आहे, तर आपण त्याला काय म्हणू?

लैला युनूस या बाकूतल्या मानवी हक्क कार्यकर्त्या. विस्थापित होणाऱ्या लोकांची बाजू त्या मांडत होत्या. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांच्या संस्थेचीच इमारत बुलडोझरने पाडली गेली. पाडू नये असा न्यायालयाचा आदेश होता, तरीही. अत्याचाराने घर सोडावे लागलेल्या स्त्रियांचे मदत केंद्र त्याच इमारतीत चालत असे. तेही ढिगाऱ्याखाली गेले.

मग पाळी पत्रकारांची आणि गाणाऱ्यांची. एप्रिल २०१२ मध्ये इद्राक अब्बासोव हा पत्रकार बाकूच्या सीमेवरच्या एका वस्तीत घरांची पाडापाडी चित्रित करत होता. सरकारी तेल कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी त्याला बेशुद्ध होईपर्यंत मारले. जमाल अली नावाच्या तरुण गायकाला मार्चमधल्या एका निदर्शनात पकडले आणि कोठडीत मारहाण झाली. सुटल्यावर त्याने देश सोडला आणि तो जर्मनीत गेला. जगभरचे गायक बाकूकडे यायला निघाले होते, आणि बाकूचाच एक गायक बाकूतून निघून गेला होता.

खदिजा इस्माईलोवा या पत्रकार महिलेची हकिकत तर ऐकवत नाही. सत्ताधारी कुटुंबाचे धंदे कुठे कुठे पसरले आहेत, याचा त्या शोध घेत होत्या. मार्च २०१२ मध्ये त्यांना टपालाने एक पाकीट आले. त्यांच्या झोपायच्या खोलीत चोरून बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली खासगी छायाचित्रे त्यात होती. शोध थांबवा, नाहीतर बदनामी करू, अशी धमकी होती. त्या थांबल्या नाहीत. आठवड्याभरात ती चित्रफीत इंटरनेटवर टाकली गेली. मे महिन्यात, स्पर्धेला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, खदिजा यांनी बातमी दिली, की क्रिस्टल हॉलच्या बांधकामातल्या एका कंपनीचे धागे राष्ट्राध्यक्षांच्याच कुटुंबापर्यंत पोहोचतात.

दुसरा अंक : एक आठवडा

२२ ते २६ मे २०१२ हा स्पर्धेचा आठवडा. परदेशी पत्रकार मोठ्या संख्येने शहरात आले. ते असतानाही निदर्शने झाली आणि पोलिसांनी निदर्शकांना गाड्यांत कोंबून नेले. फरक इतकाच, की या वेळी ते जगाने पाहिले.

स्थानिक कार्यकर्त्यांनी एक मोहीम चालवली होती. नाव होते ‘सिंग फॉर डेमोक्रसी’, म्हणजे लोकशाहीसाठी गा. तिचा एक प्रमुख संयोजक होता रसूल जाफरोव हा तरुण कायदेपंडित. या लोकांनी बहिष्काराची मागणी केली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे साधे होते : या, जरूर या, गा. पण आल्यावर आमच्याशीही बोला.

बहुतेक कलावंत बोलले नाहीत. स्वीडनची गायिका लोरीन मात्र वेळ काढून या कार्यकर्त्यांना भेटली. इथे रोज मानवी हक्कांची पायमल्ली होते आणि अशा गोष्टींवर गप्प बसू नये, असे तिने पत्रकारांना सांगितले. सरकार रागावले. स्पर्धेचे राजकारण करू नये, असे तिला सुनावण्यात आले. २६ मेच्या रात्री तीच स्पर्धा जिंकली. त्याच रात्री जर्मनीची मते जाहीर करताना निवेदिका अंके एंगेल्के हिने थेट प्रसारणात दोन-तीन वाक्ये जास्तीची म्हटली. मत देता येणे चांगले, निवड करता येणे चांगले, अझरबैजानला त्याच्या वाटचालीसाठी शुभेच्छा आणि युरोपचे तुमच्याकडे लक्ष आहे, असा त्यांचा आशय होता. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले.

मत देता येणे चांगले, हे वाक्य बाकूत का टोचले असेल, त्यामागे एक जुनी हकिकत आहे. शेजारच्या आर्मेनियाशी अझरबैजानचे नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून युद्ध झालेले. २०१२ मध्ये आर्मेनियाने बाकूला यायचेच नाकारले. पण त्याआधी, २००९ च्या स्पर्धेत, अझरबैजानमधून आर्मेनियाच्या गाण्याला ४३ मते गेली. त्या ४३ जणांपैकी एका तरुणाला राष्ट्रीय सुरक्षा खात्याने बोलावून घेतले आणि शत्रूच्या गाण्याला मत का दिले, असे विचारले. त्याचे उत्तर मला फार आवडते. तो म्हणाला होता, की मला ते गाणे आपल्या देशाच्या गाण्यापेक्षा जास्त अझरबैजानी वाटले! रसिकाने आणखी काय सांगायचे? या प्रकरणानंतर प्रसारण संघाने नियम बदलला. मतदात्याची ओळख उघड झाली, तर त्या देशाच्या प्रसारण संस्थेला जबाबदार धरायचे ठरले.

नियम बदलता येतात, ही गोष्ट लक्षात ठेवू या. तिच्याकडे परत यायचे आहे.

तिसरा अंक : अंधार

स्पर्धा संपली. पाहुणे गेले. कॅमेरे दुसऱ्या शहराकडे वळले. आणि मग ज्यांनी त्या उजेडात तोंड उघडले होते, त्यांचा हिशेब सुरू झाला. तो एका दिवसात झाला नाही, सावकाश, एकेक करत झाला.

२०१२ च्या नोव्हेंबरातच बिनपरवाना निदर्शनात भाग घेण्याचा दंड अनेक पटींनी वाढवला गेला. डिसेंबरात अक्रम आयलिसली या ज्येष्ठ कादंबरीकाराची ‘दगडी स्वप्ने’ या अर्थाच्या नावाची लघुकादंबरी एका रशियन मासिकात आली. आर्मेनियन लोकांवर झालेल्या अत्याचारांविषयी तीत सहानुभूतीने लिहिले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांचा ‘जनतेचा लेखक’ हा किताब आणि मानधन काढून घेतले. त्यांच्या पुस्तकांची होळी झाली. पत्नीची आणि मुलाची नोकरी गेली. एका पक्षाच्या पुढाऱ्याने जाहीर केले, की या लेखकाचा कान कापून आणणाऱ्याला १० हजार मनात देऊ. तेव्हा आयलिसली पंचाहत्तरीचे होते. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही बातमी दूरच्या देशातली वाटत नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात धरपकड वाढली. जुलैअखेर लैला युनूस यांना अटक झाली, पाठोपाठ त्यांचे पती आरिफ यांना. ऑगस्टमध्ये रसूल जाफरोवला. डिसेंबरात खदिजा इस्माईलोवा यांना. खटले भरले ते करचुकवेगिरी, बेकायदा व्यवसाय अशा कलमांखाली. गाण्याचे किंवा बातमीचे नाव कुठेही नाही. २०१५ मध्ये शिक्षा झाल्या : रसूलला साडेसहा वर्षे, खदिजा यांना साडेसात, लैला युनूस यांना साडेआठ आणि आरिफ यांना सात. रसूल, लैला, आरिफ, खदिजा. ही नावे आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात सापडतील. त्यांना तुरुंगात टाकणाऱ्यांची नावेही तिथलीच. म्हणून म्हटले, धर्माच्या नावाने उत्तर सोपे होते, पण बरोबर येत नाही.

पुढे बाहेरून दबाव आला आणि हे चौघेही सुटले. युनूस दांपत्य २०१५ च्या अखेरीस सुटले आणि नंतर नेदरलँड्सला गेले. रसूलची सुटका मार्च २०१६ मध्ये झाली. त्याच सुमारास युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की रसूलच्या अटकेमागचा खरा हेतू त्याच्या कामाबद्दल त्याला गप्प करण्याचा आणि शिक्षा देण्याचा होता. खदिजा मे २०१६ मध्ये बाहेर आल्या. त्या चोरट्या चित्रीकरणाचा तपास सरकारने नीट केला नाही, असा निकाल याच न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. न्याय मिळाला, पण गेलेले दिवस आणि गेलेली तब्येत निकालपत्रात परत मिळत नाही.

आणि सोहळे? ते चालूच राहिले. जून २०१५ मध्ये बाकूत पहिले युरोपीय क्रीडासामने भरले, तेव्हा यातले बरेच जण तुरुंगात होते. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या वार्ताहराला आणि ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या प्रतिनिधींना देशात येऊ दिले नाही. २०१६ पासून फॉर्म्युला वन मोटारशर्यत बाकूच्या रस्त्यांवरून धावू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषदही तिथेच झाली. त्या परिषदेच्या आधीच्या वर्षभरात ‘आबझास मीडिया’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या पत्रकारांना पकडले गेले होते. जून २०२५ मध्ये त्यांना साडेसात ते नऊ वर्षांपर्यंतच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. नाटक तेच, पात्रे तेवढी नवी.

हे घडते कसे?

इतकी माणसे पाहत असताना हे घडते कसे? माझ्या समजुतीप्रमाणे त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे हमी कुणासाठी मागितली जाते, हे. स्पर्धेआधी अझरबैजान सरकारने सुरक्षिततेची आणि मोकळेपणाची हमी दिली होती, पण ती येणाऱ्या पाहुण्यांसाठी होती. ड्युसेलडॉर्फहून आलेल्या पत्रकाराला कुणी हात लावणार नाही. बाकूतल्या पत्रकाराचे काय, ते या कागदात नव्हते. पाहुण्याच्या ताटात पक्वान्न वाढले, एवढ्यावरून घरातली मुले जेवली असे सिद्ध होत नाही.

दुसरे कारण मुदतीचे. आयोजकांचे लक्ष सोहळा पार पडेपर्यंतच असते. सत्ताधाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. ते दोन-तीन महिने सबुरीने घेतात. बाकूत झालेल्या मोठ्या अटका पाहा. त्या स्पर्धेच्या आठवड्यात झाल्या नाहीत, दोन वर्षांनी झाल्या. तोवर कुणाला युरोव्हिजनची आठवण उरली होती?

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. सोहळा यशस्वी झाला, की यजमानाची पत वाढते. स्पर्धेच्याच आठवड्यात ‘युरोपियन स्टॅबिलिटी इनिशिएटिव्ह’ या अभ्यासगटाने ‘कॅव्हिअर डिप्लोमसी’ नावाचा अहवाल काढला. कॅव्हिअर म्हणजे कॅस्पियन समुद्रातल्या माशाची अतिशय महाग अंडी. युरोपातल्या लोकप्रतिनिधींना भेटी, सहली आणि मेजवान्या देऊन आपलेसे कसे केले जाते, हे त्यात दाखवले होते. जानेवारी २०१३ मध्ये ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या संसदीय सभेपुढे अझरबैजानमधल्या राजकीय कैद्यांविषयीचा ठराव आला. तो ७९ विरुद्ध १२५ मतांनी फेटाळला गेला. पुढे सभेनेच नेमलेल्या चौकशी मंडळाने २०१८ मध्ये काही सदस्यांच्या भ्रष्ट वर्तनाचा दाट संशय व्यक्त केला. ज्या २०१४ साली रसूल, लैला आणि खदिजा गजाआड गेले, त्याच वर्षी सहा महिने त्या कौन्सिलच्या मंत्री समितीचे अध्यक्षपद अझरबैजानकडे होते.

काय करता आले असते?

आयोजक सांगतात, नियमच तसा आहे, जो जिंकेल तो यजमान. पण हा नियम काही दगडावरची रेघ नाही. १९७३ साली लक्झेंबर्ग जिंकला, पण खर्च झेपणार नाही म्हणून पुढची स्पर्धा ब्रिटनने भरवली. १९८० ची स्पर्धा इस्रायलऐवजी नेदरलँड्समध्ये झाली. २०२२ मध्ये युक्रेन जिंकला, पण युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा लिव्हरपूलला झाली. खर्चासाठी आणि युद्धासाठी नियम वाकतो, तर तुरुंगातल्या माणसासाठी का वाकू नये? ४३ मतांच्या प्रकरणानंतर तो बदललाच होता की.

मी बहिष्काराचा सरसकट पुरस्कर्ता नाही. बाकूच्या कार्यकर्त्यांनाच तो नको होता, तर मी इथे बसून तो सुचवणे बरे नव्हे. गाणे थांबवून कुणाचे भले होत नाही. माझे म्हणणे एवढेच, की यजमानपद देण्याआधी अटी घालाव्यात. त्या लेखी असाव्यात. त्या पाहुण्यांपुरत्या नसाव्यात, तिथल्या नागरिकांसाठी असाव्यात. आणि सोहळ्यानंतरची किमान पाच वर्षे तरी त्या लागू राहाव्यात. ज्यांनी उजेडात बोलायचे धाडस केले, त्यांची पुढची खबर घेणे हे त्यांना उजेडात बोलावणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

हे काम कागदावर नेऊन ठेवले म्हणजे झाले, असेही नाही. फुटबॉलच्या जागतिक महासंघाने २०१७ मध्ये मानवी हक्कांचे धोरण स्वीकारले. तरीही २०३४ चा विश्वचषक डिसेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियाला दिला गेला. एकच दावेदार होता, स्पर्धाच नव्हती. तेव्हा धोरणाइतकीच ते पाळले जाते की नाही हे विचारणारी माणसे लागतात.

आपले घर

कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरातली उणीदुणी काढणे सोपे असते. बरोबर आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ हा न्याय इथे चालणार नाही. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. बांधकामावरच्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही, राहायची सोय माणसाला शोभणारी नाही, म्हणून ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ ही संघटना उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नेमलेल्या समितीला तक्रारींत तथ्य आढळले. ‘हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क’ या संस्थेच्या अहवालानुसार खेळांच्या तयारीमुळे २००४ पासून किमान २ लाख माणसे विस्थापित झाली. आपल्यातल्या किती जणांना हे आठवते? आपल्याला त्या खेळांतला पैशांचा घोटाळा आठवतो, माणसे आठवत नाहीत.

एक मोठा फरक मात्र आहे आणि तो जपला पाहिजे. दिल्लीतल्या मजुरांच्या बाजूने न्यायालयात जाता आले, वर्तमानपत्रांत लिहिता आले, आणि लिहिणाऱ्याचा हिशेब दोन वर्षांनी तुरुंगात झाला नाही. दार उघडे राहण्याचा अर्थ हाच. ते उघडे ठेवणे हे सरकारपेक्षाही आपल्यावर जास्त अवलंबून आहे. २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला होणार आहेत. म्हणजे मांडव आता आपल्याच अंगणात पडणार आहे. त्यासाठी कुणाची घरे हलणार आहेत, ती माणसे कुठे जाणार आहेत, मजुरी किती आणि वेळेवर मिळते का, हे प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी विचारून उपयोग नाही. ते आजच विचारायला हवेत. आणि विचारणाऱ्याला देशाची शोभा घालवणारा म्हणू नये. घरची शोभा तोरणाने वाढत असेल, पण घराची अब्रू घरातल्या माणसांना कसे वागवले जाते यावर ठरते.

श्रोतेहो, सोहळे पाहू नका, असे मी सांगणार नाही. मी स्वतः पाहतो. चांगले गाणे कुठलेही असो, ते ऐकणे हा माणसाचा हक्कच आहे. फक्त पुढच्या वेळी एखाद्या शहराचा लखलखाट पडद्यावर पाहाल, तेव्हा त्या शहराचे नाव एका कागदावर लिहून ठेवा. वर्षभराने तो कागद काढा आणि तिथली एखादी बातमी शोधून वाचा. तिथे कोण बोलत होते आणि आता ते कुठे आहेत, एवढेच पाहा. कैदेतल्या माणसाला सर्वांत मोठी भीती मरणाची नसते, विसरले जाण्याची असते. आणि विसरायचे की नाही, हे तर कुठल्याही सरकारच्या हातात नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)